सरकारकडून विश्वस्तांकडे: इंग्लंड-वेल्समधील कालव्यांच्या सेवेचे परीक्षण

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे कालवे आणि नौकानयनाच्या नद्या जुलै २०१२ मध्ये 'ब्रिटिश वॉटरवेज' या सरकारी मंडळाकडून 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' या धर्मादाय न्यासाकडे गेल्या, त्याला आता एक तप उलटून गेले आहे. एखाद्या सार्वजनिक सेवेचा कारभार सरकारने सोडला आणि विश्वस्तांनी हाती घेतला की काय सुधारते आणि काय बिघडते, हे पाहण्यासाठी इतका मोठा नमुना सहसा मिळत नाही. या काठांवरून नेमाने चालणारी, अधूनमधून भाड्याची बोट घेऊन कालव्यांतून प्रवास करणारी आणि न्यासाचे वार्षिक अहवाल लक्ष देऊन वाचणारी एक वापरकर्ती म्हणून मी हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. कारभार न्यासाकडे देण्याचा निर्णय योग्य होता आणि त्याचे चांगले परिणाम काठावर उभे राहिले की डोळ्यांना दिसतात. परंतु कारभाराबरोबरच दोनशे वर्षांच्या धरणांची आणि भरावांची जोखीमही सरकारने न्यासाच्या गळ्यात टाकली, आणि तिच्यासाठी द्यायचा पैसा मात्र आता वर्षागणिक आखडता घेतला जाणार आहे. या व्यवहारातली खरी खोट ती आहे.

सेवा कशाची, ते प्रथम स्पष्ट करायला हवे. हे कालवे शेतीला पाणी देणारे नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी कोळसा, लोखंड, चिनी मातीची भांडी आणि कापूस वाहून नेण्यासाठी खासगी कंपन्यांनी ते खोदले, आणि रेल्वे आल्यावर त्यांचा धंदा बसत गेला. १ जानेवारी १९४८ रोजी बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९६३ पासून ते 'ब्रिटिश वॉटरवेज'च्या ताब्यात आले, आणि १९६८ च्या वाहतूक कायद्याने त्यांची व्यापारी, पर्यटनाचे आणि उरलेले अशी तीन वर्गांत विभागणी केली. यातल्या शेवटच्या वर्गातील कालव्यांतून बोट जाऊ शकेल अशी स्थिती राखण्याचे कोणतेही बंधन सरकारने स्वतःवर घेतले नव्हते. सरकारी मालकीमुळे कालव्यांच्या जागा विकल्या जाण्यापासून वाचल्या, याचे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे; पण अंदाजपत्रकात हात आखडायची वेळ आली की पहिली कात्री ज्या खर्चांना लागते त्यांत कालव्यांचा नंबर नेहमी वरचा असे. २००६ मध्ये पर्यावरण आणि ग्रामविकास खात्याचा हिशेब बिघडला, त्याला शेतकऱ्यांच्या अनुदानवाटपातील घोळही कारण होता, आणि ती तूट भरून काढण्यासाठी कालव्यांच्या अनुदानाला वर्षाच्या मध्येच कात्री लागली. बोटवाल्यांनी तेव्हा ठिकठिकाणी आंदोलने केली. ज्या संस्थेला पाच वर्षांनी एखादा भराव खचेल की काय याचा विचार आज करायचा असतो, तिला चालू वर्षाचेच पैसे हाती राहतील की नाहीत याची खात्री नसेल, तर ती संस्था कितीही चांगल्या माणसांनी चालवली तरी पडझडीच्या मागे धावत राहते. २०१२ च्या हस्तांतराची मुळे या अनुभवात आहेत.

यापूर्वीही एका कालव्याचा कारभार धर्मादाय संस्थेकडे देऊन पाहिला गेला होता, आणि तो अनुभव या चर्चेत फारसा कोणी आठवत नाही याचे मला आश्चर्य वाटते. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्याचा दक्षिणेकडील भाग १९५० च्या दशकात बंद करण्याच्या हालचाली चालू होत्या. १९६० मध्ये 'नॅशनल ट्रस्ट'ने तो भाडेपट्ट्याने घेतला, डेव्हिड हचिंग्ज यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातील कैदी अशा सगळ्यांनी मिळून गाळ उपसला, लॉक (म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून बोट चढवणारे-उतरवणारे, दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद) नव्याने बांधले, आणि जुलै १९६४ मध्ये राजमातेच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. मेलेला कालवा लोकांच्या श्रमाने जिवंत होऊ शकतो, हे त्या कामाने देशाला दाखवून दिले, आणि पुढच्या कित्येक पुनरुज्जीवनांना त्यातून बळ मिळाले. पण कालवा एकदा जिवंत केला की तो जिवंत ठेवावाही लागतो. दरवर्षी तेच दरवाजे, तोच गाळ, तीच गळती, आणि त्यासाठी लागणारा तोच पैसा. अखेर १९८८ मध्ये 'नॅशनल ट्रस्ट'ने हा कालवा 'ब्रिटिश वॉटरवेज'कडे, म्हणजे पुन्हा सरकारी मंडळाकडे, सोपवला. लोकांची आस्था कालवा उघडू शकते. तो वर्षानुवर्षे उघडा ठेवणे हे तिच्या एकटीच्या आवाक्यातले काम नाही. २०१२ चा करार करताना दोन्ही बाजूंना हा धडा ठाऊक असणार, कारण त्या करारात पंधरा वर्षांच्या अनुदानाची तरतूद होती.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळते. तिची सर्वांत चांगली बाजू पाहायची असेल तर विल्टशरमधील डिव्हायझेस गावाजवळ केनेट अँड एव्हन कालव्यावर जावे. तेथे सुमारे दोन मैलांत २९ लॉक आहेत, आणि त्यांतील १६ केन हिलच्या चढावर एका सरळ रेषेत एकाखाली एक उभे आहेत. हा कालवाही कित्येक वर्षे बंद होता, स्वयंसेवकांच्या चळवळीने तो वाचवला, आणि १९९० मध्ये राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांनी तो पुन्हा खुला केला. बोट घेऊन हा चढ पार करायला जवळजवळ दिवस जातो. लॉकमध्ये बोट घेऊन दरवाजे लावले की विंडलास, म्हणजे काटकोनात वाकवलेला लोखंडी दांडा, झडपेच्या चौकोनी आसावर बसवून फिरवायचा. दातेरी पट्टी एकेक दात वर चढते, अडसर प्रत्येक दातावर टक्कन बसतो, आणि दरवाजाच्या तळाशी असलेली झडप उघडून पाणी उसळत आत येते. दोन्हीकडची पातळी एक झाल्याशिवाय दरवाजा तसूभरही हलत नाही. झाली, की दरवाजाच्या लांब लाकडी तुळईला पाठ लावायची, जमिनीत बसवलेल्या उंच विटांच्या कडांना टाचा रोवायच्या आणि मागे मागे सरकत तो ढकलायचा. उतरताना खरा धोका मागच्या दरवाजाखालच्या दगडी उंबरठ्याचा असतो. लॉकच्या भिंतीवर त्याची जागा पांढऱ्या रेषेने दाखवलेली असते, आणि पाणी उतरताना बोटीचा मागचा भाग त्या उंबरठ्यावर अडकला तर बोट पुढच्या टोकावर कलून बुडू शकते.

या चढावर आता न्यासाचे स्वयंसेवक उभे असतात. अंगात निळा शर्ट आणि फुगवता येणारे जीवरक्षक जॅकेट, हातात स्वतःची झिजलेली विंडलास. मी गेले तेव्हा मदतीला आलेले गृहस्थ निवृत्त अभियंते होते. पुढच्या लॉकचे पाणी आधीच कसे तयार ठेवायचे, दोन बोटी शेजारी-शेजारी घातल्या तर पाणी कसे वाचते, झडप अर्धीच का उघडायची, हे ते प्रत्येक नवख्याला न कंटाळता सांगत होते, आणि बोट पांढऱ्या रेषेच्या पुढे आली आहे याची खात्री करून घेतल्याशिवाय ते झडपेला हात लावत नव्हते. पगारी लॉकरक्षक ठेवून सरकारी मंडळाला इतकी माणसे इतक्या ठिकाणी कधीच उभी करता आली नसती. न्यास झाल्यापासून स्वयंसेवकांचे काम फार मोठ्या प्रमाणावर वाढले आहे. रंगकाम, झुडपे छाटणे, कचरा काढणे, शाळकरी मुलांना पाण्याजवळची सुरक्षितता शिकवणे, जुन्या नकाशांची नोंद ठेवणे, अशी त्यांची कामे नाना प्रकारची आहेत. आपण सरकारची बिनपगारी चाकरी करत आहोत असे न वाटता आपण आपल्या कालव्याचे काम करत आहोत असे माणसांना वाटणे, हा नुसता भावनेचा मामला नाही. कारभाराचा आकृतिबंध बदलल्याशिवाय हे घडले नसते, असे माझे ठाम मत आहे.

हिवाळ्यातील खुले दिवस ही न्यासाची दुसरी उत्तम सेवा. नोव्हेंबर ते मार्च या काळात मोठ्या दुरुस्त्यांसाठी कालव्यांचे ठरावीक भाग बंद ठेवले जातात. त्या वेळी एखादा लॉक पूर्ण रिकामा करून लोकांना तात्पुरत्या जिन्याने तळापर्यंत उतरू देतात. एरवी पाण्याखाली असलेल्या भिंतींवर दगड घडवणाऱ्यांच्या खुणा दिसतात, दोनशे वर्षांत बोटींनी घासून गुळगुळीत झालेल्या कडा दिसतात, आणि शेजारी बसवायला आणलेला नवा ओकचा दरवाजा हाताने चाचपून पाहता येतो. हे दरवाजे न्यासाच्या स्वतःच्या स्टॅनली फेरी आणि ब्रॅडली येथील कार्यशाळांत, प्रत्येक लॉकच्या मापाने वेगळे, बनवले जातात, कारण दोन लॉकची मापे क्वचितच तंतोतंत जुळतात. एक दरवाजा साधारण पंचवीस वर्षे टिकतो. दीड हजारांहून अधिक लॉक आणि प्रत्येकाला किमान दोन दरवाजे असा हिशेब मांडला, तर वाचकाच्या लक्षात येईल की काहीही नवीन न करता, नुसते आहे ते टिकवण्यासाठी, दरवर्षी शंभराहून अधिक दरवाजे घडवून बसवावे लागतात.

येथून पैशाचा विषय सुरू होतो, आणि या परीक्षणाचा गाभाही तोच आहे. हस्तांतराच्या वेळी सरकारने पंधरा वर्षांत मिळून सुमारे ८० कोटी पौंड देण्याचा करार केला, आणि 'ब्रिटिश वॉटरवेज'ची व्यापारी मालमत्ता, तेव्हाच्या मूल्याने ४५ कोटी पौंडांहून अधिक किमतीची, कायम निधी म्हणून न्यासाला दिली. त्या मालमत्तेचे भाडे आणि परतावा कालव्यांवर खर्च करायचा. शिवाय बोटींचे परवाने आणि बोटी काठाला बांधून ठेवण्याच्या जागांचे शुल्क, काठाच्या वाटेखालून गेलेल्या फायबर केबलींचे भाडे, पाण्याची विक्री, हे उत्पन्नही असते. ग्लॉस्टर अँड शार्पनेस कालव्यातून ब्रिस्टल शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा जातो, हे काठावरून चालणाऱ्या फार थोड्या लोकांना माहीत असते. हे सगळे धरून न्यासाचे वार्षिक उत्पन्न आता २० कोटी पौंडांच्या पुढे गेले आहे, म्हणजे सरकारवरचे अवलंबित्व कमी करायचे हे उद्दिष्ट न्यासाने बऱ्याच अंशी गाठले आहे. कालव्याची जागा विश्वस्त म्हणून धरलेली असल्याने ती न्यासाला मनाला येईल तशी विकता येत नाही, ही व्यवस्थाही विचारपूर्वक केलेली आहे.

पण अनुदानाची रक्कम अलीकडे वर्षाला सुमारे ५ कोटी २६ लाख पौंडांवर गोठलेली आहे. लोखंड, लाकूड, डिझेल आणि मजुरी या सगळ्यांचे भाव चढत गेले असताना गोठलेली रक्कम म्हणजे दरवर्षी कमी होणारी रक्कमच. त्यात जुलै २०२३ मध्ये सरकारने जाहीर केले की २०२७ नंतरच्या दहा वर्षांसाठी मिळून सुमारे ४० कोटी पौंड दिले जातील आणि वार्षिक रक्कम दरवर्षी ५ टक्क्यांनी उतरत जाईल. महागाई धरली तर ही सुमारे ३० कोटी पौंडांची कपात ठरते, असे न्यासाने तेव्हाच सांगितले. सरकारची भूमिका अशी की न्यासाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे सुरुवातीपासून ठरलेच होते. मला ही भूमिका पटत नाही, आणि त्याचे कारण भावनिक नाही. काठाच्या वाटा कोणालाही कधीही फुकट खुल्या असतात, आणि तशाच त्या असायला हव्यात. त्यांवर चालणाऱ्या, धावणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या आणि गळ टाकून बसणाऱ्या लाखो लोकांकडून तिकीट घेता येत नाही आणि घेऊही नये. हे लोक कर भरतात, आणि त्या करातून होणारा खर्च हाच त्यांच्या वाट्याचा मोबदला आहे. तो काढून घेतला की उरतात फक्त बोटवाले आणि देणगीदार. देणगीदार हंसांसाठी, खंड्या पक्ष्यासाठी, फुललेल्या काठासाठी आनंदाने पैसे देतो. कालव्याच्या तळाशी, पाणी झिरपू नये म्हणून दोनशे वर्षांपूर्वी पायांनी तुडवून बसवलेल्या चिकणमातीच्या थरासाठी कोण देणगी देणार? आणि कालवा उभा आहे तो त्या थरावर.

टॉडब्रुक जलाशयाच्या घटनेने हे सर्वांसमोर आणले. डर्बीशरमधील व्हेली ब्रिज या गावाच्या डोक्यावर, पीक फॉरेस्ट कालव्याला पाणी पुरवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले हे मातीचे धरण न्यासाकडे आलेल्या सत्तरहून अधिक जलाशयांपैकी एक. १ ऑगस्ट २०१९ रोजी मुसळधार पावसानंतर पाणी सांडव्यावरून वाहू लागले, सांडव्याच्या काँक्रीटच्या लाद्या उखडल्या आणि खालचा भराव धुपून मोठे भगदाड पडले. धरण फुटण्याच्या भीतीने सुमारे १,५०० लोकांना घरे सोडून जावे लागले, हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने खडीच्या गोण्या भगदाडात टाकल्या, आणि रात्रंदिवस पंप चालवून जलाशय उपसला गेला. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. सरकारने नेमलेल्या चौकशीत, १९७० च्या सुमारास सरकारी मंडळाच्या काळात बांधलेल्या त्या सांडव्याची रचनाच सदोष होती आणि पुढची अनेक वर्षे त्याची देखभाल खंडित होत राहिल्याने दोष वाढला, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे दोषाची बीजे सरकारी कारभारात होती आणि त्याचे फळ न्यासाच्या पदरात पडले. देखभालीतील कसूर न्यासाच्याही वाट्याला येते आणि ती झाकण्याचे कारण नाही; आपल्या ताब्यातील धरणाच्या सांडव्यात गवत आणि झुडपे उगवू देणे कोणत्याही मालकाला शोभत नाही. परंतु या घटनेनंतर जलाशयांच्या सुरक्षिततेवर न्यासाला जो प्रचंड खर्च करावा लागत आहे, तो लॉकच्या दरवाजांच्या आणि गाळ काढण्याच्या पैशांतूनच वळवावा लागतो. गाव वाचवणारे धरण आणि सहलीची बोट यांत निवड करायची वेळ एखाद्या धर्मादाय संस्थेवर यावी, ही मला या करारातील सर्वांत मोठी उणीव वाटते. धरणांची सुरक्षा ही पूरनियंत्रणासारखीच राज्यसंस्थेची जबाबदारी आहे. तिचा खर्च न्यासाच्या अनुदानातून वेगळा काढून सरकारने तो कायम उचलावा, एवढा एक बदल झाला तरी बाकीचा करार चालण्यासारखा आहे.

खासगी मालकीत हे सगळे अधिक चांगले झाले असते, असे कोणी म्हणत असेल तर ब्रिजवॉटर कालव्याकडे पाहावे. तो कधीच न्यासाकडे नव्हता, एका खासगी उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे, आणि १ जानेवारी २०२५ रोजी पुराच्या पाण्यात चेशरमध्ये त्याचा भराव फुटला. जुन्या भरावाला मालक कोण आहे याने फरक पडत नाही. दुरुस्तीचा पैसा कोठून येणार याने पडतो. स्कॉटलंडमधील कालवे २०१२ मध्ये न्यासाकडे न देता 'स्कॉटिश कॅनाल्स' या सार्वजनिक संस्थेकडेच ठेवले गेले, आणि थेम्ससह सरकारी पर्यावरण संस्थेच्या ताब्यातील नद्याही पुढे न्यासाला द्यायच्या होत्या, त्या आजतागायत दिलेल्या नाहीत. पुरेशा निधीविना आणखी नद्या न्यासाच्या डोक्यावर आल्या नाहीत, हे बरेच झाले.

बोटीत कायम राहणाऱ्या लोकांना मिळणारी सेवा हा या परीक्षणातील सर्वांत कमी गुणांचा भाग आहे. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार बोटीच्या परवान्यासाठी एकतर बोट काठाला बांधून ठेवण्याची कायमची जागा असावी लागते, नाहीतर ती बोट खऱ्या अर्थाने प्रवासात राहील आणि एका ठिकाणी साधारणपणे सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबणार नाही, याची खात्री द्यावी लागते. दुसऱ्या प्रकारच्या बोटींची संख्या, विशेषतः लंडनमधील रीजंट्स कालवा आणि ली नदीच्या परिसरात, घरभाडी वाढत गेली तशी वाढत गेली. न्यासाने एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या बोटींच्या परवान्यावर अधिभार लावला. तो पहिल्या वर्षी ५ टक्के होता आणि टप्प्याटप्प्याने २०२८ पर्यंत २५ टक्क्यांवर न्यायचा आहे. रुंद बोटींवरही वेगळा अधिभार आहे. न्यासाचे म्हणणे असे की या बोटी वर्षभर फिरत राहतात आणि पाणी, कचरा, शौचटाक्या रिकाम्या करण्याच्या सोयी यांचा वापर इतरांपेक्षा जास्त करतात. हे म्हणणे पूर्ण निराधार नाही. पण ज्यांच्यासाठी बोट ही हौस नसून छप्पर आहे, ज्यांच्यात कमी उत्पन्नाचे, एकटे आणि वृद्ध लोक बरेच आहेत, त्यांच्याकडून टक्क्यांनी जास्त पैसे घेऊन सरकारने सोडलेली तूट भरून काढणे हे धर्मादाय संस्थेच्या हेतूशी जुळत नाही. फिरत्या बोटवाल्यांच्या संघटनांनी या अधिभाराला विरोध केला आहे आणि त्यांचा राग मला समजतो. जुन्या सोयी बंद पडतात आणि त्यांच्या जागी नव्या येत नाहीत, ही त्यांची दुसरी तक्रारही काठावरून चालणाऱ्याला सहज पटेल अशी आहे.

यात एक घटनात्मक म्हणावा असा प्रश्नही गुंतलेला आहे. १९८३ च्या कायद्याच्या आठव्या कलमाने विनापरवाना बोट पाण्यातून हटवण्याचा जो अधिकार सरकारी मंडळाला दिला होता, तो हस्तांतरानंतर जसाच्या तसा न्यासाकडे आला. बोट कोणाचे घर असेल तर न्यास न्यायालयाचा आदेश घेतो, हे खरे आहे. तरीही एखाद्याचे राहते घर जप्त करण्याचा अधिकार मतदारांना उत्तरदायी असलेल्या मंत्र्याच्या अखत्यारीतून निघून विश्वस्तांच्या हाती जातो, तेव्हा त्या विश्वस्तांना प्रश्न कोणी विचारायचे याची व्यवस्था भक्कम हवी. न्यासाची एक परिषद आहे, ती विश्वस्तांची नेमणूक करते, आणि तिच्यात बोटवाल्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असतात. पण ते मोजके असतात. माहिती अधिकाराचा कायदाही न्यासाला सरकारकडून आलेल्या वैधानिक कामांपुरताच लागू होतो. देशातील इतक्या मोठ्या सार्वजनिक वारशाचा सांभाळ करणाऱ्या संस्थेने आपला सगळा कारभार या कायद्याखाली स्वतःहून आणला, तर तिला गमावण्यासारखे काही नाही आणि बोटवाल्यांचा विश्वास मात्र परत मिळेल.

२०१८ मध्ये न्यासाने हंस आणि पुलाचे जुने बोधचिन्ह बदलून निळे वर्तुळ आणले, काठोकाठ निळ्या पाट्या लावल्या आणि पाण्याकाठी आयुष्य अधिक सुखाचे होते या संदेशावर भर दिला. जुन्या विटांच्या पुलाशेजारी त्या पाट्या डोळ्यांना खुपतात. त्यामागचा विचार मात्र मला मान्य आहे, कारण आरोग्यासाठी चालणाऱ्या माणसाला हा काठ कोणाचा आहे हे कळलेच नाही, तर तो त्याच्यासाठी खासदाराकडे शब्दही टाकणार नाही.

ज्या वाचकांना ही सेवा स्वतः वापरायची आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. चालणाऱ्यांना मी कोणतीही अट न घालता शिफारस करते. वेल्समधील पोंटकसिस्ल्टे जलसेतू, १८०५ मध्ये पूर्ण झालेला आणि २००९ पासून जागतिक वारसा असलेला, दरीच्या वर ३८ मीटर उंचीवरून लोखंडी पन्हळीतून कालवा पलीकडे नेतो. त्याच्या एका बाजूला कठडा असलेली पायवाट आहे आणि दुसऱ्या बाजूला पन्हळीच्या काठापलीकडे काहीच नाही. बोटीतून जाताना त्या बाजूला उभे राहिले की खाली थेट डी नदी दिसते. भाड्याने बोट घेणाऱ्यांनी सात फूट रुंदीच्या लॉकमध्ये मावणारी नॅरोबोटच घ्यावी. रुंद बोट घेतली तर मिडलँड्समधील बरेचसे कालवे तिला बंद असतात. उन्हाळा निवडताना पाण्याचाही विचार करावा. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात जलाशय इतके उतरले की लीड्स अँड लिव्हरपूल आणि मॅकल्सफील्डसह उत्तरेकडील अनेक कालव्यांवरची वाहतूक बंद ठेवावी लागली, आणि सहलींचे बेत ऐन हंगामात मोडले. माझ्या मते मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा सर्वांत भरवशाचा. आरक्षण करण्यापूर्वी न्यासाच्या संकेतस्थळावरील बंद-मार्गांच्या सूचना आपल्या मार्गापुरत्या वाचाव्यात. त्या वेळेवर आणि नेमक्या दिल्या जातात, कोणता लॉक, कोणत्या कारणाने, कधीपर्यंत बंद, हे स्पष्ट लिहिलेले असते. विंडलास एक जास्तीची मागून घ्यावी, कारण पहिली हमखास पाण्यात पडते.